घरांतील यंत्रें : सायकलीच्या सांखळीस कोणतें तेल घालावें ?

डोंबिवलीहून आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. घरांत सासूसासरे, दीर, जावा व मुलें मिळून अकरा माणसें, आणि सायकल एकच. ती थोरल्या मुलाची. तो सकाळीं स्टेशनापर्यंत सायकलीनें जातो, दिवसभर ती तेथें उघड्यावर ठेवतो, आणि कल्याणच्या महाविद्यालयांतून संध्याकाळीं परतला म्हणजे तिच्यावरच घरीं येतो. जून महिन्यापासून ही सायकल इतकी कुरकुरूं लागली आहे कीं, मुलगा गल्लीच्या तोंडाशीं आला म्हणजे दुसऱ्या मजल्यावर पान वाढावयास घ्यावें. येथपर्यंत हंसण्यासारखें आहे. परंतु गेल्या पंधरवड्यांत भर रस्त्यांत सांखळी दोनदां उतरली, आणि दुसऱ्या खेपेस मागून रिक्षा येत होती. मुलगा कसाबसा सांवरला. तेव्हांपासून घरांत वाद चालू आहे. सासरे म्हणतात, जन्मभर आम्हीं खोबरेल घातलें, तेंच घाला. धाकटे दीर म्हणतात, बाजारांत फवाऱ्याचे डबे मिळतात, त्यांतला एक आणा. कोपऱ्यावरचा सायकलवाला मोटारसायकलींतून काढलेलें काळें ऑइल फुकट घालून देतो. "आपण एकदां काय तें लिहा, म्हणजे मी मासिक उघडून दिवाणखान्यांत ठेवीन," असें भगिनी लिहितात.

सुनेनें मासिक उघडून सासऱ्यांपुढें ठेवणें हें काम नाजूक आहे, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून प्रथमच सांगतों कीं, या वादांत पूर्ण खरें कोणाचेंहि नाहीं. आणि ज्या भीतीमुळें पत्र लिहिलें गेलें तिचा, म्हणजे सांखळी उतरण्याचा, तेलाशीं संबंध आहे तो आडवाटेनें आहे.

सायकलीची सांखळी दिसावयास दोरासारखी एकसंध दिसते, पण ती शंभरावर बिजागऱ्यांची रांग आहे. आज आपण वापरतों त्या सांखळीची रचना हॅन्स रेनॉल्ड यानें मँचेस्टर येथें १८८० सालीं सिद्ध केली, आणि पांच वर्षांनीं स्टार्ली याची 'रोव्हर' सायकल निघाली, जिचें मागचें चाक सांखळीनें फिरत असे. आपल्याकडे हें वाहन रुळविण्यांत ज्यांचा हात आहे त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर एक. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतां ते सायकली बेळगांवास पाठवीत आणि त्यांचे बंधु रामुअण्णा त्या विकीत, शिवाय गिऱ्हाइकास त्यांवर बसावयास शिकवीतहि. पुढें नांगर आणि पंप काढणाऱ्या कारखानदारीचें मूळ १८८८ सालच्या त्या दुकानांत आहे. इतक्या वर्षांत सायकलींत पुष्कळ बदल झाले. सांखळीच्या कल्पनेंत मात्र फारसा झाला नाहीं.

एक सांधा जवळून पाहावा. बाहेर दोन पट्ट्या, आंत दोन पट्ट्या, आरपार एक खीळ, खिळीवर एक नळी, आणि नळीवर फिरणारा एक रोलर. (हल्लींच्या गियरच्या सायकलींत नळी वेगळी नसते, आंतल्या पट्ट्यांचे कांठच वळवून तिचें काम केलेलें असतें, पण न्याय तोच.) दांत्यावर टेकतो तो रोलर, परंतु सांखळी वांकते ती खिळीभोंवतीं. म्हणजे झीज होते ती खीळ आणि नळी यांच्यामध्यें, जेथें डोळा पोहोंचत नाहीं तेथें. साध्या सायकलीच्या सांखळींत असे ११२ च्या आसपास सांधे असतात व एका सांध्याची लांबी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, असते. प्रत्येक सांध्यांत ०.०६ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतकीच, झीज झाली असें धरा. ११२ सांध्यांची मिळून सांखळी सुमारें ७ मिलिमीटरांनीं लांबते. आपण 'चेन ताणली' असें म्हणतों तें बरोबर नाहीं. पोलाद ताणलें जात नाहीं; तें आंतून खाल्लें जातें.

लांबलेली सांखळी सैल पडते, आणि सैल सांखळी खड्ड्यांत आदळली म्हणजे उतरते. पत्रांतील सायकलीचें हें झालें असलें पाहिजे. तेव्हां तेलाच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबूं नये. दोन्ही दांतेचाकांच्या मध्यावर सांखळी बोटानें वरखालीं हलवून पाहावी. अर्ध्या इंचाहून फार अधिक हलत असेल तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक सरळ मागें ओढून घ्यावें. मग एक इंचांची पट्टी घ्यावी. पट्टीचा आरंभ एका खिळीच्या मध्यावर ठेवला असतां नव्या सांखळींत पुढची चोविसावी खीळ बरोबर १२ इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढें गेली असेल तर सांखळी बदलावी. एक अष्टमांश गेली असेल तर दांतेचाकांचेहि दांते झिजून त्यांस आंकड्यासारखा आकार आलेला असावयाचा, आणि मग नुसती सांखळी बदलून भागत नाहीं. नवी सांखळी जुन्या दांत्यांवर घसरते. सांखळी स्वस्त आहे, दांतेचाकें महाग आहेत, आणि खरी काटकसर पहिली वेळेवर बदलण्यांत आहे.

आतां तेलांकडे वळूं, आणि वयाचा मान राखून खोबरेलापासून आरंभ करूं.

वनस्पतीचें तेल यंत्रास घालावयाचें ही कल्पना वेडेपणाची नाहीं. वंगण हा शब्द आपल्याकडे सायकलीबरोबर आलेला नाहीं. बैलगाडीच्या कण्यास एरंडेल घालीत, आणि एरंडेल हें इतकें उत्तम वंगण आहे कीं पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या एंजिनांत तें वापरीत. 'कॅस्ट्रॉल' हें नांव सुद्धां एरंडाच्या इंग्रजी नांवावरून आलेलें आहे. दोष निराळा आहे. पुष्कळशीं वनस्पतितेलें हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतात. जवसाचें तेल रंगांत घालतात तें याच गुणासाठीं. करडईचें तेल सांडून राहिलें म्हणजे बरणीच्या बुडाशीं जो चिकट पिवळा थर बसतो तोहि याच जातीचा. तो थर सांखळीच्या नळींत बसला म्हणजे वंगणाऐवजीं सरस झाला. खोबरेल त्यामानानें सोज्ज्वळ आहे, तें असें सुकत नाहीं. परंतु २४-२५ अंशांच्या खालीं तें थिजतें, ठाण्याकल्याणकडे डिसेंबरांतील सकाळ याहून थंड असते, आणि थिजलेलें तेल सांध्यांत शिरत नाहीं. पावसाळ्यांत तें खवट होऊन त्यांत आम्ल तयार होतें, तें पोलादास हितकर नव्हे. मग सासऱ्यांची सायकल जन्मभर चालली कशी ? आमचा तर्क असा कीं, ते दर रविवारीं ती पालथी घालून, पुसून, मग तेल घालीत असावेत. त्यांची संवय घ्यावी, तेल बदलावें.

काळें ऑइल फुकट मिळतें, आणि तेवढाच त्याचा गुण. एंजिनांतून तें काढतात तें कां ? धातूचा कीस, काजळी व आम्लें त्यांत सांठलीं म्हणूनच ना ? जो मळ मोटारसायकलीच्या मालकानें पैसे देऊन काढविला तो आपण आपल्या सांखळींत घालून घ्यावा हें विचित्र आहे. शिवाय तें कातडीस अपायकारक आहे, मुलांच्या हातीं तर देऊंच नये. नवें एंजिनऑइल एवढें वाईट नाहीं. ज्या जुन्या धर्तीच्या सायकलीस सांखळीभोंवतीं पूर्ण पत्र्याचें कव्हर असतें तिला तें चालतें, कारण धूळ आंत जात नाहीं. इंग्लंडांत वुल्व्हरहॅम्प्टन येथील सनबीम कंपनी तर बंद पेटींत तेल ठेवून सांखळी त्यांत बुडती ठेवी, आणि त्या सायकलींच्या सांखळ्या फार वर्षें टिकत. उघड्या सांखळीवर मात्र दाट ऑइल म्हणजे धुळीस आमंत्रण. रस्त्यावरच्या धुळींत सिलिकेचे कण असतात, ते साध्या पोलादापेक्षां कठीण; तेल आणि हे कण मिळून धार लावावयाच्या लेपासारखा लेप होतो. घोडबंदर रस्त्यावर काय किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर काय, मोठीं बांधकामें चाललेलीं असतांना नेहमीं येणाऱ्या-जाणाऱ्यांस याचा अनुभव घ्यावयास लांब जावें लागत नाहीं.

दिरांच्या फवाऱ्याविषयीं सांगावयाचें तें असें कीं, फवाऱ्याचे डबे एका जातीचे नसतात. 'डब्ल्यूडी-४०' हा सर्वांच्या परिचयाचा. तो १९५३ सालीं सॅन डिएगो येथें निघाला आणि पाणी हांकलून लावण्याच्या मिश्रणाचा तो चाळिसावा प्रयोग म्हणून त्यास तें नांव पडलें. पाणी हांकलणें, गंज सोडविणें, मळ सैल करणें हीं कामें तो उत्तम करतो. मागें राहणारा थर मात्र अगदीं पातळ असतो, आणि तेवढ्यावर विसंबून दोन दिवस पावसांत हिंडलें कीं पुन्हां कुरकुर सुरू. दुसरी जात मोटारसायकलीच्या सांखळीच्या चिकट फवाऱ्याची. त्या सांखळींत पुष्कळदां रबराच्या चकत्या बसवून आंतलें ग्रीस बंद केलेलें असतें, व फवारा बाहेरून गंज येऊं नये म्हणून असतो. आपल्यास हवें तें आंत शिरणारें तेल. सायकलीच्या सांखळीचें म्हणून बाटलींत, थेंबाथेंबानें पडणारें जें तेल मिळतें तेंच घ्यावें. त्यांत ओल्या ऋतूचें आणि कोरड्या ऋतूचें असे दोन प्रकार असतात व बाटलीवर तसें लिहिलेलें असतें.

पुण्याच्या किंवा सोलापूरच्या वाचकास हा भेद बारीक वाटेल, पण आमच्या भागांत तोच मुख्य आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली हीं खाडीच्या कांठचीं गांवें. चार महिन्यांत येथें शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि एरव्हींहि हवा दमट. जून ते सप्टेंबर दाट, पाण्यानें सहसा न धुपणारें तेल हवें, मग त्यास मळ चिकटून वारंवार पुसावें लागलें तरी चालेल. दसरा झाला कीं ती सांखळी स्वच्छ धुऊन पातळ तेलावर किंवा मेणाच्या द्रवावर यावें. तें सुकल्यावर धूळ धरीत नाहीं. कांहीं हौशी लोक सांखळी काढून वितळलेल्या पॅराफिन मेणांत बुडवितात. परिणाम फार चांगला होतो, परंतु मेण उघड्या ज्योतीवर न तापवितां पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवून तापवावें, आणि तें भांडें पुन्हां स्वयंपाकघरांत परत जाणार नाहीं हें घरांतील मंडळींस आधींच सांगून ठेवावें.

शिवणयंत्राचें तेल बहुतेक घरीं असतें. तें शुद्ध खनिज तेल असून सुकत नाहीं, म्हणून फ्रीव्हील, ब्रेकच्या दांड्यांचे सांधे, घंटा, स्टँडची खीळ यांना एकेक थेंब उत्कृष्ट. हिंवाळ्यांत सांखळीलाहि चालेल. पावसांत मात्र एका फेरीचें धनी. अमेरिकेंत १८९४ सालीं 'थ्री-इन-वन' नांवाचें तेल निघालें, तें मुळांत सायकलीसाठींच काढलेलें होतें; पुढें तें शिवणयंत्रांत शिरलें. आपल्याकडे शिवणयंत्राचें तेल सायकलीकडे गेलें, एवढाच फरक.

तेल घालण्याची रीत सांगतों. तेलाच्या निवडीपेक्षां तींत चुका अधिक होतात. प्रथम सांखळी जुन्या धोतराच्या चिंधींत धरून पेडल उलटें फिरवीत पुसावी, चिंधी काळी होण्याचें थांबेपर्यंत. फार मळली असेल तर ब्रशानें रॉकेल किंवा डिझेल लावून धुवावी. रॉकेल आतां सहज मिळत नाहीं, म्हणून कोणी पेट्रोल वापरतात. बंद गॅलरींत, जेथें चार हातांवर देवापुढें निरांजन आहे, तेथें पेट्रोलची वाफ म्हणजे काय होईल याची कल्पना करावी आणि तो नाद सोडावा. धुतल्यावर सांखळी पूर्ण सुकूं द्यावी, नाहींतर आंत राहिलेलें रॉकेल नवें तेल पातळ करतें. मग खालच्या पट्ट्याच्या आंतल्या अंगास, एका रोलरवर एक याप्रमाणें थेंब टाकीत पेडल उलटें फिरवावें. ११२ रोलर, ११२ थेंब. सगळें मिळून चहाच्या चमचाभर तेल लागतें. यानंतर अर्धा मिनिट पेडल फिरवून सायकल रात्रभर तशीच ठेवावी, म्हणजे तेल खिळीपर्यंत उतरतें. सकाळीं कोरड्या चिंधीनें सांखळी बाहेरून पुन्हां पुसून काढावी. ही शेवटची पायरी शंभरांत नव्वद लोक गाळतात. वरून चकचकीत ओली दिसणारी सांखळी पाहून त्यांस समाधान होतें. परंतु बाहेरचें तेल कोणाच्याहि उपयोगाचें नाहीं, तें धूळ गोळा करतें आणि पायजम्यास लागतें.

पत्रांतील मुलासाठीं एवढें अधिक : पावसांत भिजून आलेल्या सायकलीस त्याच रात्रीं चिंधी लावावी, मग थोडें तेल. ओल्या सांखळीवर नुसतें तेल ओतलें तर पाणी आंत कोंडतें. रविवारपर्यंत थांबलें तर तांबूस पूड दिसूं लागते, आणि ती कुरकुर म्हणजे तीच.

दोन ठिकाणीं तेल कधींहि जाऊं देऊं नये : ब्रेकचें रबर ज्या रिमवर घासतें ती रिम, आणि हल्लींच्या सायकलींना मध्यभागीं जी ब्रेकची तबकडी असते ती. हें आम्ही पुस्तकावरून लिहीत नाहीं. चार वर्षांमागें आमच्या पुतण्यास तबकडीच्या ब्रेकची नवी सायकल घेतली होती. रविवारीं पहाटे तो मित्रांबरोबर उपवनाकडून येऊरची चढण चढून जाणार होता. आदल्या रात्रीं आम्हीं मोठ्या हौसेनें तिच्या सांखळीवर फवारा मारला. तबकडी झांकावयाची असते हें मनांत आलें नाहीं. फवाऱ्याचा बारीक तुषार तिच्यावर बसला तो दिव्याच्या उजेडांत दिसलाहि नाहीं. चढतांना ब्रेक कोण लावतो ? उतरतांना पहिल्या वळणावर त्यानें मागचा ब्रेक दाबला, तो लागला नाहीं. पुढचा दाबला, तोहि अर्धाच. समोरून एक कुटुंब चालत येत होतें. त्यांस चुकविण्यासाठीं त्यानें सायकल गटारांत घातली, आणि हांसळीचें हाड मोडून घेतलें. रुग्णालयांत आमचे थोरले बंधू आम्हांस एवढेंच म्हणाले, "अरे, तेल घालायला कोणी सांगितलें नव्हतें, विचारायचें तरी होतेंस." हाड दीड महिन्यांत जुळलें. ब्रेकच्या पट्ट्यांनीं तेल पिऊन टाकलेलें होतें, त्या फेंकून नव्या बसवाव्या लागल्या. तबकडी औषधांच्या दुकानांतील आयसोप्रोपिल स्पिरिटनें पुसून स्वच्छ झाली. तेव्हांपासून आमच्या घरीं सांखळीजवळ फवारा न्यावयाचा नाहीं, तेल थेंबानें घालावयाचें, आणि तेल घातल्यावर सायकल बाहेर नेण्यापूर्वीं दारांतच दोन्ही ब्रेक दाबून पाहावयाचे असा नियम आहे.

चाकांचे आंस, पेडलांचा मधला आंस आणि हँडलचा दांडा यांत छर्रे असतात, त्यांना तेल नव्हे, ग्रीस लागतें. बाहेरून तेल सोडलें तर आंतलें ग्रीस धुऊन निघतें. वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, सायकलवाल्याकडून हीं खोलून, छर्रे धुऊन, नवें ग्रीस भरून घ्यावें. साध्या सायकलीच्या मागच्या आंसांत एका बाजूस पाव इंची नऊ व पुढच्यांत तीन सोळांश इंची दहा छर्रे असतात. काम चाललें असतां जवळ उभें राहून मोजावे. चांगल्या कारागिरास त्याचा राग येत नाहीं.

शेवटीं भगिनींनीं ताजा कलम म्हणून विचारलें आहे कीं, मुलाच्या पॅंटीच्या पायांस सांखळीचे काळे डाग पडले आहेत ते कसे काढावे. कापड पाण्यांत घालण्यापूर्वीं डागावर थोडें खोबरेल चोळावें, दहा मिनिटें ठेवावें, म्हणजे काळें ग्रीस त्यांत सैल होतें. मग कोरड्या कापडावरच भांडीं घासण्याचा पातळ साबण चोळून कोमट पाण्यानें धुवावें. हातांचा काळेपणाहि याच रीतीनें जातो. तेव्हां सासऱ्यांची खोबरेलाची बाटली सायकलीजवळच राहूं द्यावी.